दोनला निघून साडेआठला

रात्री अकरानंतर सहारच्या टर्मिनल २ समोर गाड्यांची रांग हलता हलत नाही. एमएच १५, एमएच ०९, एमएच ११ अशा पाट्या एकामागून एक दिसतात. डिकी उघडते, बॅगा उतरतात, ओळख पटावी म्हणून बांधलेल्या लाल रिबिनींची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली जाते. तिकीट नसलेल्याला आत प्रवेश नाही, त्यामुळे निरोप दारातच. नाशिकहून आलेलं साठीपुढचं एक जोडपं ट्रॉलीला धरून उभं होतं. न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे निघालेले. सुनेचं बाळंतपण पंधरा दिवसांवर आलेलं. बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, मेतकूट आणि बाळाची झबली-टोपडी. काकूंनी घरच्या काट्यावर पुनःपुन्हा वजन करून सगळं तेवीस किलोच्या आत बसवलं होतं.

"काका, पोचणार किती वाजता?"

"सकाळी साडेआठला."

"आणि सुटणार?"

"दोनला."

सोडायला आलेल्या नातवाने लगेच बोटांवर हिशेब केला. "म्हणजे साडेसहा तास! नाशिकहून इथे यायलाच पाच लागले आपल्याला."

"तिकडचे साडेआठ, बाळा," काका म्हणाले. "आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतील."

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. मधले साडेनऊ तास पृथ्वीच्या फिरण्यात जमा होतात. खरे तास सोळा.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अंतर’ हा विषय दिला, तेव्हा मोजता येईल असंच अंतर घ्यायचं मी ठरवलं. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ, पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या वाटेने सुमारे १२,५४० किलोमीटर. महाराष्ट्रातल्या किती घरांची मुलं या अंतराच्या पलीकडे आहेत, हे कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात विचारून पाहावं. आकडा पक्का आहे, कुठेही सापडतो. पण ही विमानं चालवणाऱ्या आणि आखणाऱ्या माणसांशी बोलत गेलो, तसं लक्षात आलं की त्या आकड्याइतकं अंतर प्रत्यक्षात कुणीच उडत नाही. दर रात्री नवं अंतर ठरतं आणि नवी वेळ. ते ठरवण्यात वाऱ्याचा हात असतो, इंधनाचा असतो आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त शेजारी देशांचा.

दोरा आणि पृथ्वीगोल

पार्ल्यात राहणारे एक निवृत्त कमांडर आधी ‘सातशे सत्तेचाळीस’ आणि नंतर ‘ट्रिपल सेव्हन’ उडवायचे. नाव छापू नका म्हणाले, पण समजावून सांगण्याचा उत्साह दांडगा. बैठकीच्या खोलीत हातभर उंचीचा पृथ्वीगोल आहे. त्यांनी शिवणाच्या डब्यातून दोरा मागवला आणि एक टोक माझ्या बोटाखाली मुंबईवर दाबून धरायला लावलं. दुसरं टोक न्यूयॉर्कवर.

"आता ताणा. जिथे सैल राहणार नाही, तीच खरी वाट."

शाळेत भिंतीवरचा नकाशा पाहून मोठ्या झालेल्याला वाटतं, न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला असणार. अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं अंग आणि मग अटलांटिक. ताणलेला दोरा मात्र मुंबईहून वायव्येला, खरं तर उत्तरेकडेच जास्त कलून निघाला. सौराष्ट्र, कच्छच्या बाजूने सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग. पुढे रशियात शिरून सेंट पीटर्सबर्गजवळून नॉर्वे. तिथून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लाब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. सर्वांत वरच्या ठिकाणी तो ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे गेला होता.

गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट ही त्या गोलाला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असते. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो, म्हणून तीच वाट तिथे कमानीसारखी वाकडी दिसते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली आणि विमान त्याच रेघेवरून नेलं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. दीड हजाराहून जास्त किलोमीटरचा वळसा, म्हणजे जवळजवळ दोन तास.

"ही वाट तुम्ही कधी उडलात?" मी विचारलं.

त्यांनी दोरा गुंडाळायला घेतला. "अगदी हीच? कधीच नाही. अफगाणिस्तान टाळायचं, अमुक लष्करी पट्टा टाळायचा, अटलांटिकवर ते देतील ती लाइन घ्यायची. दोऱ्याच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहायचं, बस."

अलीकडे मुंबईहून निघालेलं विमान बहुतेक वेळा अरबी समुद्र ओलांडून आखाताकडे जातं. मग त्या दिवशी मोकळ्या असलेल्या पट्ट्यातून तुर्कस्तान, काळा समुद्र, मध्य युरोप, ब्रिटन किंवा आयर्लंड, अटलांटिक आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून खाली.

अटलांटिकवरची लाइन म्हणजे काय, तेही त्यांनीच सांगितलं. या महासागरावर रडारची नजर पोचत नाही आणि विमानांची वर्दळ प्रचंड. म्हणून एका बाजूला कॅनडातलं गँडर आणि दुसऱ्या बाजूला शॅनविक नावाने ओळखलं जाणारं ब्रिटन-आयर्लंडचं नियंत्रण केंद्र, दोघं मिळून रोज समुद्रावर समांतर वाटा आखतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांच्या. त्या कायमच्या नसतात. आदल्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने ठरतात, उद्या शंभर-दोनशे किलोमीटर वर किंवा खाली सरकतात.

कागद, वारा आणि इंधन

विमान सुटण्याच्या काही तास आधी एका खोलीत त्याचा प्रवास कागदावर पुरा झालेला असतो. ही कामगिरी फ्लाइट डिस्पॅचरची. प्रवाशांना हे पद सहसा माहीतही नसतं, पण फ्लाइट प्लॅनवर कमांडरबरोबर त्यांचीही जबाबदारी असते. रात्रपाळी करणाऱ्या एका डिस्पॅचर बाईंनी मला जुना, वापरून झालेला एक प्लॅन उलगडून दाखवला. अरुंद छपाईची पानंच्या पानं. वाटेतला प्रत्येक बिंदू, तिथे किती उंचीवर असायचं, वारा कुठून आणि किती, टाकीत तेव्हा किती इंधन उरलेलं असायला हवं. वैमानिक उडताना या आकड्यांवर खुणा करत जातात.

"वारा कुठून कळतो?"

"जगात दोन केंद्रं आहेत, लंडन आणि वॉशिंग्टन. सगळ्या जगाच्या वरच्या हवेचा अंदाज तिथून येतो, सगळ्या एअरलाइन्सना तोच. त्यावर आमचं सॉफ्टवेअर वाटा सुचवतं. पण कुठली घ्यायची, ते आम्ही बघतो. कुठे वादळ आहे, कुठला देश बंद आहे, कुणाचं भाडं किती."

भाडं म्हणजे ओव्हरफ्लाइट शुल्क. ज्या देशावरून उडायचं त्याला पैसे मोजावे लागतात.

वाऱ्याचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेतला सगळा फरक त्याचाच. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात नेमक्या त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण प्रदेशातली आणि ध्रुवाकडची हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात. तो फरक हिवाळ्यात वाढतो, तेव्हा त्यांचा जोरही वाढतो. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेग त्यांना नवा नाही. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली होती. जगाला कळावं म्हणून त्यांनी ती एस्परांतो भाषेत प्रसिद्ध केली, आणि ती भाषा वाचणारे इतके थोडे होते की जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडायला लागली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्याने हैराण केलं.

मुंबई–न्यूयॉर्कला याचा हिशेब असा. वळणं धरून तेरा हजार किलोमीटर उडायचं आणि विमानाचा हवेतला वेग ताशी नऊशे. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी पन्नासचा वारा समोरून आला, तर जमिनीवरचा वेग साडेआठशे होतो आणि सव्वापंधरा तास लागतात. तोच वारा येताना पाठीशी आला, तर वेग साडेनऊशे आणि वेळ पावणेचौदा तास. यात धावपट्टीपर्यंत रांगेतून जाणं, चढणं-उतरणं मिळवलं की जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास ही वेळापत्रकातली वेळ मिळते. वेळापत्रकात छापतात ती विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची वेळ, आणि ती वर्षानुवर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी पाहून हंगामाप्रमाणे ठरते.

वारा साथीला असला की काय घडतं, त्याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. अटलांटिकवर ‘कियारा’ वादळ घोंगावत असताना ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. आपल्याकडचं उदाहरण मला याहून शिकवणारं वाटतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीशी आल्यामुळे साडेचौदा तासांत पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त उडून वेळ मात्र वाचला. परतताना ते अटलांटिकवरून आलं, की एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण व्हायची.

आता इंधन. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं, वजनाने साधारण १४५ टन. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१ टन. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या, तर धावपट्टीवरून उचललं जाणारं चाळीस टक्के वजन हे निव्वळ इंधनाचं असतं. गडावर पाणी नाही म्हणून जो सगळं पाणी पाठीवर घेऊन चढतो, त्याला त्या पाण्याच्या ओझ्यानेच जास्त तहान लागते. विमानाचं तसंच होतं. डिस्पॅचर मंडळींचा ढोबळ ठोकताळा असा, की जादा घेतलेल्या इंधनापैकी दर तासाला तीन-चार टक्के इंधन त्या जादा वजनालाच वाहून नेण्यात जळतं. सोळा तासांच्या प्रवासात एक टन जादा घेतलं, तर न्यूयॉर्कला जेमतेम अर्ध्याहून थोडं अधिक पोचतं.

म्हणून प्रत्येक किलोचा हिशेब लागतो. प्रवासाचं इंधन, अंदाज चुकला तर लागणारं इंधन, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्यानंतरही अर्धा तास हवेत घिरट्या घालता येतील इतकं राखीव. यातलं काहीच कमी करता येत नाही. मग समोरचा वारा फार जोराचा असला की कमी काय करायचं? "पेलोड," डिस्पॅचर बाई म्हणाल्या. म्हणजे आधी माल, आणि फारच वाईट दिवस असला तर काही बॅगा. आपलं विमान आलं पण बॅग दुसऱ्या दिवशी आली, असं ज्यांच्या बाबतीत घडलं आहे त्यांच्या बॅगेची जागा कधीकधी अशी इंधनाने घेतलेली असते. काउंटरवर हे कुणी सांगत नाही. सांगितलं, तर माणसं समजून घेतील असं मला वाटतं.

रात्री दोनला निघण्यातही थोडा फायदा इंधनाने जड झालेल्या विमानाचा आहे. रात्रीची हवा दिवसापेक्षा गार आणि घट्ट असते, पंखांना आणि इंजिनांना तिचा आधार जास्त मिळतो. मुख्य कारण मात्र पलीकडचं. सकाळी न्यूयॉर्कला उतरलं, की अमेरिकेत पुढे जाणारी दिवसभराची विमानं हाताशी असतात.

शेजाऱ्यांची दारं

१९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची त्याच्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण सत्ता असते. प्रवासी विमान त्यावरून जातं ते परवानगीने. ती परवानगी शांततेच्या काळात इतकी सहज मिळते की ती आहे याची आठवणही राहत नाही.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. पहलगामच्या हल्ल्यानंतरचे दिवस होते. भारतानेही मग पाकिस्तानी विमानांना बंदी केली. याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. सर्वांत मोठा फटका बसला तो दिल्लीला. सरळ मोजलं तर दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा सुमारे आठशे किलोमीटर जवळ आहे. पण पश्चिमेचं दार लागल्यावर तिथल्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातकडे खाली उतरत अरबी समुद्र गाठावा लागतो आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. जवळ असण्याचा सगळा लाभ तिथेच संपतो. अमेरिकेच्या काही विमानांना तर इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. प्रवासी आतच बसून राहतात, इंधन भरलं जातं, कर्मचाऱ्यांची पाळी बदलते. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन थेट सेवा थांबवली, तेव्हा विमानांच्या कमतरतेबरोबर हेही कारण दिलं होतं.

मुंबईला समुद्र लागूनच असल्याने पाकिस्तान बंद झाल्याची झळ कमी बसली. तिचं दार इराण आणि आखाताच्या बाजूला आहे, आणि १३ जून २०२५ ला पहाटे तेही मिटलं. इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि इराण-इराकवरचं आकाश काही तासांत रिकामं झालं. त्या पहाटे मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान वाटेतून परत मुंबईला आलं. लंडनकडून येणारी कुणी व्हिएन्नाला उतरली, कुणी आणखी कुठे. २३ जूनच्या रात्री कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणी क्षेपणास्त्रं सुटली आणि आखातातल्या देशांनीही काही काळ आकाश बंद केलं.

दार मिटण्याचा उलटा परिणामही होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपीय आणि नंतर अमेरिकी कंपन्यांना आपलं अवाढव्य आकाश बंद केलं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. युनायटेड एअरलाइन्सला तेव्हा नेवार्क–मुंबई सेवा काही काळ थांबवावी लागली. त्याच दोन शहरांमधला प्रवास एका देशाच्या विमानाला शक्य आणि दुसऱ्याच्या विमानाला अशक्य, अशी ती स्थिती होती. ताणलेला दोरा दोघांसाठी एकच होता.

मगदान

लांबच्या वाटेवर आणखी एक अदृश्य बंधन असतं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा एखादा विमानतळ वाटेवर सतत हाताशी असावा लागतो. १९८५ मध्ये ही मर्यादा दोन तासांवर नेली, पुढे तीन तासांवर, आणि आज काही विमानांना त्याहूनही पुष्कळ जास्त मुभा आहे. या नियमामुळेच जगाच्या टोकाला असलेले, एरवी ज्यांचं नावही कुणी घेणार नाही असे विमानतळ फ्लाइट प्लॅनवर छापलेले असतात.

६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ मध्ये इंजिनाचा बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं. आत २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. ओखोट्स्क समुद्राकाठचं, स्टालिनच्या काळात श्रमछावण्यांसाठी कुप्रसिद्ध झालेलं ते गाव. दोनशेवर माणसं एकदम मावतील अशी हॉटेलं तिथे नव्हती. लोकांना शाळेत आणि वसतिगृहात ठेवलं, गाद्या जमिनीवर अंथरल्या. भाषा कळेना, जेवण रुचेना, औषधं बॅगांमध्ये आणि बॅगा विमानात, अशी अनेकांची अवस्था होती. मुंबईहून दुसरं विमान अन्न घेऊन गेलं आणि ८ जूनला सगळ्यांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोकडे उडालं.

बातम्यांमध्ये तेव्हा हालांचंच वर्णन होतं, आणि हाल झालेच. पण मला त्या घटनेत यंत्रणेचं यशही दिसतं. मगदान प्लॅनवर होतं, धावपट्टी पुरेशी लांब होती, कमांडरने वेळीच निर्णय घेतला आणि सगळे जण सुखरूप उतरले. पार्ल्याच्या कमांडरसाहेबांनी सांगितलं की उत्तरेकडच्या वाटेवर त्यांची एक नजर सतत इंधनाच्या तापमानावर असायची. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, अमेरिकेत भरलेलं जेट ए तर उणे ४० लाच. बाहेरची हवा उणे साठच्या घरात गेली, की टाकीतलं इंधन तासातासाने गार होत जातं. मग थोडं खाली उतरायचं, नाहीतर वेग वाढवायचा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पहिलं विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. सुमारे चौदा हजार किलोमीटरचा तो प्रवास सतरा तासांचा होता. तिथे होकायंत्राचाही उपयोग नसतो, चुंबकीय ध्रुव जवळ आल्याने ते भरकटतं.

घरापासून घरापर्यंत

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १४ मे १९६० पासून जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क न थांबता सेवा सुरू केली. मध्ये थांबल्याने अंतर किती वाढायचं? मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, मिळून सरळ वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गेही चारशेच्या आसपासच वाढतात. मध्ये उतरून इंधन घेतलं तर इतकं ओझं वाहावं लागत नाही, त्यामुळे एकूण इंधनही थोडं कमी लागतं. तरीही वेळ सोळाऐवजी वीस-बावीस तासांवर जातो. थेट विमानाचे जास्तीचे पैसे आपण देतो, ते या थांब्याच्या तासांचे.

तरुणाला दुबईचे चार तास म्हणजे एक कॉफी आणि थोडी भटकंती. सत्तरीच्या माणसाला, गुडघे दुखणाऱ्या काकूंना तेच चार तास म्हणजे व्हीलचेअरची वाट, पुन्हा सुरक्षा तपासणी, अनोळखी भाषेतल्या घोषणा आणि गेट बदललं तर उडणारी धांदल. थेट विमानाच्या दारात उभं राहून पाहिलं, तर व्हीलचेअरच्या रांगा दिसतात. त्यातल्या पुष्कळ जणांना घरी चालता येतं. विमानतळाच्या आतलं अंतर आणि इंग्रजीतले प्रश्न यांची धास्ती त्यांना खुर्चीत बसवते. मुलांनी दिलेल्या छापील चिठ्ठ्या हातात असतात: पत्ता, फोन, किती दिवस राहणार, बरोबर काय खाद्यपदार्थ आणले. साताऱ्याच्या एका आजींची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टला रबरबँडने लावलेली होती.

आणि शरीर? पश्चिमेकडे जाताना विमान सूर्यापुढे पळत असतं. पन्नास अंश अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,०७० किलोमीटरने पूर्वेकडे फिरते, विमान नऊशेच्या आत-बाहेर पश्चिमेकडे जातं, त्यामुळे सूर्य त्याला फार हळू गाठतो. डिसेंबरात दोनला निघालेल्या विमानाच्या खिडकीत न्यूयॉर्क तासा-दीड तासावर येईपर्यंत उजाडतच नाही. जेवण देतात, दिवे मालवतात, माणूस झोपतो, उठतो, तरी बाहेर अंधार. आतल्या हवेचा दाब जुन्या विमानांमध्ये आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा, नव्यांमध्ये सहा हजारांचा. हवा कोरडी असते. पाय सुजतात, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी उठून चालायचं, पाणी पीत राहायचं, आणि हृदयाचं किंवा शिरांचं दुखणं असेल तर पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारायचं. वैमानिक चार असतात आणि पाळीपाळीने पुढच्या भागातल्या छतावरच्या छोट्या बिछान्यांवर झोपून घेतात. प्रवाशाला ती सोय नाही.

घरापासून घरापर्यंत मोजलं तर नाशिक ते एडिसन तीस तासांच्या घरात जातं. मुंबईपर्यंतचे पाच, विमानतळावरचे चार, हवेतले सोळा, इमिग्रेशन, बॅगा आणि पुढे गाडीचा दीड-दोन तासांचा रस्ता. तिकीट काढून देणारा आपल्याला यातले सोळाच सांगतो. माझं स्पष्ट म्हणणं आहे की थेट म्हणून विकलेल्या विमानाला वाटेत इंधनासाठी उतरावं लागण्याची शक्यता असेल, तर ते तिकीट विकतानाच ठळक सांगितलं पाहिजे. विमानात बसल्यावर घोषणेतून सांगून भागत नाही. ज्येष्ठ प्रवाशाची औषधांची वेळ, इन्सुलिन, पुढच्या विमानाची जोडणी हे सगळं त्या दोन-तीन तासांवर अवलंबून असतं. आकाश बंद होणं कंपनीच्या हातात नाही हे मान्य. पण एप्रिल २०२५ पासून चालू असलेली गोष्ट त्या ऑगस्टमध्ये तिकीट काढणाऱ्याला ठाऊक नसावी, हे पटत नाही.

दिवाळीनंतर जाणाऱ्यांसाठी एवढं आणखी. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. त्यानंतर आठवड्याने, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि मुंबई–न्यूयॉर्कमधला फरक साडेनऊवरून साडेदहा तासांवर जातो. समोरच्या वाऱ्याचा जोरही तेव्हापासून वाढत जातो. तिकीट उन्हाळ्यात काढलं असेल, तर दोन्ही टोकांच्या वेळा कंपनीकडून पुन्हा पक्क्या करून घ्याव्यात, आणि घ्यायला येणाऱ्या मुलांना उतरण्याची वेळ कळवताना ती न्यूयॉर्कची आहे हे लिहून कळवावं.